घर वाढवणेबाबत

घाटंजी,
११ जानेवारी २००६

चि. उर्वशी,

बापाचे आशीर्वाद आहेतच, ते कागदावर उतरवले काय आणि नाही काय. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसलो आहे. आधीची पत्रं परत आली नाहीत. पोस्टमन म्हणतो, पत्ता चुकला असता तर परत आली असती. म्हणजे पोचतात. पुढचं तुझं तू जाण.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ सांगतो. घर मोठं करतो आहे. तुझी आई गेल्यापासून मला पुढचं दुकान आणि मागची खोली पुरून उरते, रात्री तर नको इतकी उरते. तेव्हा कोणासाठी, हे विचारू नकोस. तुझ्यासाठी आणि प्रेरणासाठी. तू ये असं मी म्हणत नाही. राळेगावकडे दीर-जावा तुला नीट वागवतात असं ऐकतो, बरं वाटतं. पण एखाद्या दिवशी तिथे राहावंसं वाटलं नाही, तर बाईमाणसाला जायला हक्काची जागा असावी. अमरराव जाऊन दीड वर्ष होईल आता. एवढ्या दिवसांत तुला तसं एकदाही वाटलं नसेल, असं मी मानत नाही.

खोली बाजूने काढणार आहे, लीलाबाईंच्या घराकडे बोळ आहे तिथे. तिला रस्त्याकडून वेगळं दार. हे दार फार महत्त्वाचं. तू केव्हाही ये, केव्हाही जा, तुझ्याकडे कोणी येवो, माझ्या दुकानातून, माझ्या डोळ्यांसमोरून जायला नको. कुलूप तुझं, किल्ली तुझी. एकदा मी तुझ्या वाटेत येऊन उभा राहिलो, त्याचं काय झालं ते दोघांनाही माहीत आहे. आता तुझ्या दारातसुद्धा उभा राहणार नाही.

प्रेरणाचं मनगट केवढं झालं गं? तिच्यासाठी म्हणून बांगड्यांचा एक जोड बाजूला काढून ठेवतो. मग वाटतं, लहान होईल. तो परत लावून मोठा काढतो. परवा तर तीन मापांचे जोड फळीवर मांडून बसलो होतो. कासाराला नातीचं माप माहीत नसावं, याची लाज वाटते.

तुझा
बाबा


२ मार्च २००६

चि. उर्वशी,

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. घर बांधून पाहावं म्हणतात, पण त्याआधी नगरपरिषद पाहावी लागते, हे म्हणीत कोणी घातलं नाही.

बांधकामाच्या टेबलावर रवी आहे. तुझ्या वर्गातला, वही विसरणारा. आता चष्मा लावतो आणि दुसऱ्यांच्या कागदात काय विसरलं ते सांगतो. पोरगा चांगला आहे, उगीच नाव ठेवणार नाही. त्याने नकाशा बघून सांगितलं की घराच्या बाजूला ठराविक जागा मोकळी सोडावीच लागते. तिला सामासिक अंतर म्हणतात. माझा बोळ आधीच अरुंद. त्यात खोली काढायची, तर त्या नियमातून सवलत मागायची, शेजाऱ्याची ना-हरकत आणायची, मग सुनावणी, मग बघू.

"काकाजी, मांगं परसात बांधा ना," तो म्हणाला. "तिथं मस्त जागा पडली हाय. सवलत नको का ना-हरकत नको. आठ दिवसात परवानगी देतो."

"परसातल्या खोलीत जायचा रस्ता माह्या दुकानातून येते."

"मंग येऊ द्या ना."

"तुले पोरगी हाय काय?"

"नाई."

"मंग गप राह्य."

त्याने अर्ज पुढे ओढला. पण खरा तंटा पुढेच झाला. अर्जावर मी विषय लिहिला होता, 'राहते घर मोठे करणेबाबत'. तो हसला. "मोठे नाई काकाजी. वाढीव बांधकाम म्हणतात त्याले. असं लिहा, घर वाढवणेबाबत."

"ते म्या लिहीत नाई."

"काहून?"

आता तूच सांग, काहून ते त्याला कसं सांगणार? कासाराच्या घरात वाढवणं म्हणजे काय, हे तू पाळण्यात शिकलीस. बांगडी फुटली म्हणायचं नाही, बांगडी वाढली म्हणायचं. फळ्या लावल्या की दुकान वाढवलं. तुझी आई कंदीलसुद्धा विझवत नसे, वाढवायची. आणि तू तर सगळ्यांवर कडी केलीस. पहिलीत होतीस, पाटी हातातून पडली आणि रडत घरी आलीस, "बाबा, माही पाटी वाढली!" मास्तर मला विचारत होते, पाटी वाढते कशी? आम्ही किती दिवस हसत होतो. घरात काही मोडलं, फुटलं, संपलं, की ते वाढलं. मग मी माझ्या हाताने कसं लिहू की माझं घर वाढवा?

"जेवताना ताटही वाढतातच ना काकाजी," रवी म्हणाला.

"ताट वाढतात. घर वाढवत नाई."

मागे रांग लागली होती. शेवटी त्यानेच लिहिलं आणि मी खिडकीबाहेर बघत सही केली. सही तिरकी आली आहे. शब्द अशुभ आहे म्हणून नव्हे, तू त्या शब्दावर वाढलीस म्हणून मला तो असा सरकारी कागदावर बघवेना.

बाबा


२७ मार्च २००६

चि. उर्वशी,

लीलाबाई ना-हरकत देत नाहीत.

मला वाटलं होतं, चहा पितापिता सही होईल. इतक्या वर्षांचा शेजार, तुला पाढे त्यांनी शिकवले, शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा हार मी आणला होता. कागद पुढे केला तर त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला, मास्तरीणच ती. मग मला हाताला धरून आपल्या सैपाकघरात नेलं आणि बोळाकडची खिडकी दाखवली.

"उकंडाभाऊ, माह्या चुलीवर एवढाच उजेड हाय. तुमी भिंत उचलली का मले भर दुपारी बल्ब लावा लागन. अन् लाईन त दुपारीच जाते."

"पोरीसाठी बांधून राह्यलो बाई."

"पोरगी येतो म्हणाली काय?"

मी कागदाची घडी केली.

"तुमची पोरगी यीन तवा यीन. माहा उजेड आजच जाते."

राग आला. पण घरी येऊन विचार केला तर त्यात खोटं काय होतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला. तू येणार नाहीस हे त्यांनाही दिसतं.

तरी रागाच्या भरात एक गाढवपणा केलाच. लखीराम मिस्त्रीला बोलावलं आणि माझ्याच भिंतीला बोळाच्या बाजूने दारासाठी भगदाड पाडून घेतलं. भिंत माझी, त्याला कोणाची हरकत? आता तिथे ताडपत्री लावून झोपतो. वारा सुटला की ती फडफडते आणि मला वाटतं कोणी आलं. उठून बघतो. कोणी नसतं.

लीलाबाईंचा राग धरू नकोस. मीही धरला नाही. त्यांचे मिस्टर गेले तेव्हा त्यांच्या सासूनेच सांगितलं होतं, आपण धम्म घेतला तेव्हाच हे सगळं सोडलं, बांगड्या उतरवायच्या नाहीत. तेव्हापासून त्या माझ्याकडेच बांगड्या भरतात. त्यांचा हात हातात घेताना मला कधी वेगळं काही वाटलं नाही. हात तो हात. मऊ करायचा, अंगठा मुडपायचा, बांगडी सरकवायची.

म्हणून त्या दिवशी मी मध्ये पडलो. तुझ्या दारातून अमररावांना उचललं आणि बायका तुझ्या बांगड्या वाढवायला दगड घेऊन आल्या. त्या बांगड्या मी भरल्या होत्या, महिन्यापूर्वी, याच दुकानात. तू हसत होतीस, हात दुखतो म्हणून ओरडत होतीस. मी तुझी दोन्ही मनगटं धरून ठेवली आणि म्हणालो, ह्या म्या भरल्या, ह्या कोणी वाढवायच्या नाहीत. सगळं गाव बघत होतं. तुझ्या सासूने पदर तोंडाला लावला. आणि तू माझे हात सोडवलेस, उठलीस, आणि आपल्याच हाताने चौकटीवर आपटून त्या सगळ्या वाढवल्यास. माझ्याकडे बघत. रक्त आलं. म्हणालीस, "बाबा, मले इथंच राहा लागते. तुमी जा."

मी निघालो. आजवर निघालेलाच आहे.

माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. तुला त्या माणसांत राहायचं होतं आणि मी त्यांच्यासमोर तुझा तमाशा केला, असं तुला वाटतं. तेही खोटं नाही. या दोन गोष्टी मी रोज शेजारी शेजारी ठेवून बघतो. जुळत नाहीत.

बाबा


२० एप्रिल २००६

चि. उर्वशी,

नगरपरिषदेने दारावर नोटीस लावली आहे. परवानगी नसताना भिंत फोडली म्हणून. बरोबरच आहे त्यांचं. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, आणि ना-हरकतीची जागा कोरीच आहे.

धंदा थंड आहे. पूर्वी मी टोपली घेऊन वाटेल त्या गावात जायचो. यंदा आधी स्टँडवर चौकशी करतो. या गावात जाऊ काय, त्या गावात जाऊ काय? कोणी मान हलवली की समजायचं, तिथे कोणाच्या घरी कर्ता माणूस औषध पिऊन गेला आहे. कापसाचं पीक घरात आलं तरी गावात चूल पेटत नाही, असा हंगाम आहे. जिथे एका घरी बांगड्या वाढवल्या, तिथे कासाराने दुसऱ्या दिवशी 'बांगड्या घ्या बांगड्या' ओरडत फिरू नये, एवढं मला कळतं. मग मी टोपली घेऊन घरी परत येतो. या उन्हाळ्यात पुष्कळ वेळा परत आलो.

करमत नाही उर्वशी. हे मी तुला लिहिणार नव्हतो. गिऱ्हाईक नसलं की दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. संध्याकाळी लीलाबाईंना विचारतो, सैपाक झाला काय? त्या हो म्हणतात. बोलणं संपलं.

काल राळेगावच्या गाडीवरचा कंडक्टर धनसिंग चहाला आला होता. त्याची गाडी तुमच्या फाट्यावर थांबते, तू त्याला दिसतेस म्हणे, पाणी आणताना. मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिलो असेन! त्याने तुला परवाच बघितलं होतं. त्याने दारावरची नोटीस मोठ्याने वाचली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी, "वाढीव बांधकाम तात्काळ थांबवावे." मग म्हणाला, "ताईले काही निरोप हाय काय?"

"सांगजो, बाबा घर मोठं करून राह्यले. बाकी बरे हायेत."

तोंडी निरोपाला तरी तू काही उत्तर देशील. एवढ्या आशेने दिला आहे.

बाबा


६ मे २००६

चि. उर्वशी,

तू येऊन गेलीस आणि मी नव्हतो.

मी आर्णीच्या बाजाराला गेलतो. लग्नसराईचं म्हणून दोन पैसे होतील, असं वाटलं होतं. संध्याकाळी स्टँडवर उतरलो तेव्हा राळेगावची गाडी नुकतीच बाहेर पडत होती. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. तिने उडवलेली धूळ अंगावरून झटकत, टोपली सावरत घरी आलो. तुझ्या गाडीची धूळ होती ती.

लीलाबाई माझ्या ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "उर्वशी आलती." मी टोपली खाली ठेवली. त्या सांगत गेल्या तसं लिहितो. तुला ठाऊकच आहे सगळं, पण मला ते पुन्हा एकदा लिहून काढायचं आहे.

तू प्रेरणाचा हात धरून पळत आलीस. दुकानाला कुलूप. मग तू बोळात वळलीस, भिंतीचं भगदाड बघितलंस, आणि तिथेच विटांवर मटकन बसलीस. लीलाबाई धावत आल्या तर तू म्हणालीस, "धनसिंग म्हणे, तुमच्या बाबानं घर वाढोलं. मले वाटलं..." 

बघ, काय झालं! मी त्याला चांगलं 'मोठं' सांगितलं होतं. त्याने नोटीस वाचलेली, त्याच्या तोंडात नोटिशीतला शब्द बसला. त्याच्या लेखी घर वाढवलं म्हणजे खोली काढली. फाट्यावर ते ज्या पोरीच्या कानावर पडलं, तिची पाटीसुद्धा वाढत होती. बाबाने घर वाढवलं. म्हणजे मोडलं, संपलं, बाबा तर... तू घागर तिथेच टाकून, प्रेरणाला घेऊन गाडीत बसलीस, असं लीलाबाई म्हणाल्या. दीड वर्ष ज्या शब्दांनी तुला हलवता आलं नाही ते सगळे माझे होते. हलवलं ते रवीच्या शब्दाने. त्याला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

"तुहा बाप धडधाकट हाय, बाजारात गेला," असं लीलाबाईंनी सांगितल्यावर तू रडलीस म्हणे. आधी नाही, मग.

"त्याईची पत्रं आली ना तुले? त्यात लिहिलं असन सारं."

"उघडली नाई. ठेवली हायेत. उघडली असती त मले राहवलं नसतं तिथं."

हे वाक्य मी लीलाबाईंकडून दोनदा वदवून घेतलं.

मग तू भगदाडाकडे बोट दाखवलंस. "मंग हे कायले फोडलं?"

"दार हाय ते. तुह्यासाठी वेगळं दार. तू आपली येशीन, आपली जाशीन. बापाचा काही संबंध नाई."

आणि तू म्हणालीस, "वेगळं दार? मी काय भाडेकरू हाव काय?"

लीलाबाईंनी हे सांगितलं आणि मी ओट्यावर बसून राहिलो. जानेवारीपासून मी ज्या दारासाठी नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवल्या, शेजारणीचा उजेड मागितला, स्वतःची भिंत फोडून वाऱ्यात झोपलो, ते दार तुला नको होतं. तुला माझ्याच दारातून यायचं होतं. तेवढं मला सुचलं नाही. मी तुझ्या वाटेतून बाजूला होत होतो, आणि तू ते घराबाहेर काढणं समजलीस. बरोबरच समजलीस.

लीलाबाईंनी तुम्हाला जेवू घातलं. भाकरी आणि वांग्याची भाजी, प्रेरणाने भाजी टाकली म्हणे. तुझे हात रिकामे होते असंही त्या म्हणाल्या. त्याबद्दल मी काही विचारणार नाही. कधीच विचारणार नाही. शेवटची गाडी होती म्हणून गेलीस. थांबली असतीस तर, असं मनात येतं, पण सासरी न सांगता आली होतीस, जाणं भागच होतं. लीलाबाईंनी ना-हरकतीचा कागद माझ्या हातात दिला, सही करून. "घ्या. पोरगी खरंच येते, पाह्यलं म्या. माहा उजेड गेला त गेला."

मी तो घेतला आणि काल जाऊन रवीला सांगितलं, सवलतीचा अर्ज परत दे, परसातली खोली मंजूर कर. त्याने कपाळाला हात लावला. नवा अर्ज मीच लिहिला. विषय, 'घर वाढवणेबाबत'. सही सरळ आली. लखीराम आज भगदाड बुजवतो आहे आणि शिव्या देतो आहे, आधी फोडायला लावता अन् मग बुजवायला. लीलाबाईंची खिडकी तशीच राहील. परसातल्या खोलीत जायचं तर दुकानातूनच जावं लागेल. तू माझ्यासमोरून जाशील आणि मी मान वर करून बघेन, कुठे चाललीस म्हणून विचारेनही. तेवढं तुला सहन करावं लागेल.

आणखी एक राहिलं. तुम्ही जेवत असताना प्रेरणा ताडपत्रीखालून आत शिरली होती. फळीवर मी मांडलेल्या जोडांतला एक तिने आपल्या आपण हातात चढवला. त्यातली एक बांगडी नीट बसली, दुसरी चढवताना वाढली. ती घाबरून रडत बाहेर आली, तर तू तिचा हात बघितलास, काच टोचली नाही ना ते बघितलंस, आणि म्हणालीस, "काही नाई होत बेटा. आजोबा दुसरी भरून देतीन."

जमिनीवरचे तुकडे मी वेचले. तो जोड मधल्या मापाचा होता. म्हणजे मनगट कळलं. मी उगीच मोठं धरून बसलो होतो.

त्याच रंगातली एक काढून ठेवली आहे. पाठवणार नाही. बांगडी पोस्टाने जात नाही, भरावी लागते.

बाबा